स्लाइसमध्ये गॅमा दिसत नाहीये? आधी ऑक्सिजन बघा

हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतला स्मरणशक्तीशी जोडलेला भाग) स्लाइसमध्ये, म्हणजे जिवंत ठेवलेल्या पातळ कापात, रिदम मिळत नाही म्हणून लोक औषधाचा डोस बदलत बसतात, पण बहुतेक वेळा घोळ ऑक्सिजनचाच असतो. गॅमाला (पेशींचा एकत्रित विद्युत ठेका, ३० ते ८० हर्ट्झ) पेशींची प्रचंड एनर्जी लागते, त्यामुळे साध्या एका पल्सला झकास रिस्पॉन्स देणाऱ्या स्लाइसमध्येही गॅमाच्या नावाने ठणठणाट असू शकतो.

एथिक्स कमिटीची परवानगी आहे असं धरतो. प्राण्याचा मेंदू काढला की थेट बर्फगार सुक्रोजवाल्या सोल्युशनमध्ये, आणि त्यात कार्बोजेन (ऑक्सिजन आणि सीओटूचं मिश्रण) आधीपासून बुडबुडत हवा. त्यातला ९५ टक्के ऑक्सिजन ठीक, पण उरलेला ५ टक्के सीओटू बायकार्बोनेटबरोबर पीएच ७.४ च्या आसपास धरून ठेवतो, म्हणून नुसता ऑक्सिजन सोडून भागत नाही. व्हायब्रेटोमवर (थरथरत्या ब्लेडचं काप करायचं यंत्र) ४०० मायक्रॉनच्या आडव्या स्लाइस, ब्लेड सावकाश. मग निदान तासभर त्यांना हात लावू नका. शक्यतो इंटरफेस चेंबर घ्या, खालून एसीएसएफ (मेंदूतल्या द्रवासारखं बनवलेलं सोल्युशन) आणि वरून दमट कार्बोजेन. बुडीत चेंबरच (स्लाइस पूर्ण द्रवात बुडालेली) असेल तर फ्लो चांगला वाढवा.

इलेक्ट्रोड सीए३ च्या (हिप्पोकॅम्पसचा एक भाग) पिरॅमिडल लेयरमध्ये, म्हणजे मुख्य पेशींच्या थरात, तापमान ३२ ते ३४ डिग्री, कार्बाकोल (गॅमा सुरू करणारं औषध) २० मायक्रोमोलर, आणि अर्धा तास धीर. आता खरी गंमत, मेन्सची (घरातल्या विजेची) घरघर ५० हर्ट्झची, म्हणजे बरोब्बर गॅमाच्या पट्ट्यात! मी दोन दिवस तिलाच गॅमा समजून खूश होतो. फ्रिक्वेन्सीच्या आलेखात घरघरीचा पीक सुईसारखा बारीक असतो, कार्बाकोल धुतलं तरी जागचा हलत नाही. खरा गॅमा ढिगासारखा पसरट असतो आणि चेंबर थोडा थंड केला की खाली सरकतो.

मेमरीसाठी वेगळी ताजी स्लाइस घ्या, कार्बाकोल न लावलेली. स्लाइसला काही 'आठवत' नाही बरं का, आपण फक्त सिनॅप्स (दोन पेशींमधला जोड) बळकट होतोय का ते मोजतो, म्हणजे एलटीपी (लाँग-टर्म पोटेन्शिएशन). शाफर कोलॅटरलला (सीए३ कडून सीए१ कडे जाणारे तंतू) दर ३० सेकंदांनी टेस्ट पल्स, ताकद एवढीच की रिस्पॉन्स कमालच्या ३०-५० टक्के येईल, आणि सीए१ मध्ये रिस्पॉन्सचा स्लोप (चढ-उताराचा वेग) मोजा. २० मिनिटं बेसलाइन सरळ नसेल तर पुढे जाऊच नका. मग थीटा बर्स्ट: १०० हर्ट्झने ४ पल्स, असे बर्स्ट दर २०० मिलिसेकंदांनी, म्हणजे थीटाच्याच (मेंदूचा गॅमापेक्षा संथ रिदम) ठेक्यात. त्यानंतर तासभर स्लोप वर टिकला तर एलटीपी आलं. त्याच प्राण्याची एक स्लाइस आधीपासून एपी५ मध्ये (एलटीपी रोखणारं औषध) ठेवून हाच बर्स्ट द्या, तिथेही स्लोप वर राहिला तर तुमचा स्टिम्युलेटर आधी तपासा.