चामड्याचं काम घरी सुरू करताय? आधी कड बघायला शिका

चामड्याची कुठलीही वस्तू हातात आली की मी पहिल्यांदा तिची कड बघतो, मग ते पाकीट असो, कमरेचा पट्टा असो नाहीतर कोल्हापुरी. शिलाई, रंग, बक्कल सगळं नंतर. कड गोल, गुळगुळीत आणि दोन थर एकजीव झाल्यासारखी असली की करणाऱ्याने वेळ दिलाय हे लगेच कळतं. कड घोटायची सगळ्यात शेवटी, पण तिचा निकाल चामडं विकत घेतानाच लागलेला असतो, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या पहिल्या पाकिटाची कड मी तीन संध्याकाळी घासत बसलो होतो, कधी पाणी लावून कधी मेण लावून, आणि ती स्पंजासारखी मऊ ती मऊच. दुकानदाराने "एकदम ओरिजनल" म्हणून दिलेलं ते चामडं ओरिजनलच होतं, पण क्रोम टॅन होतं आणि क्रोमची कड घोटली जात नाही.

म्हणून आधी चामड्याबद्दल. गोव्यात चवथीला आरतीत घुमट (मातीच्या मडक्याचं वाद्य) वाजतं ना, त्याच्या तोंडावर ताणलेलं असतं ते कातडं, म्हणजे न कमावलेलं, म्हणून तर दमट हवेत ते सैल पडतं आणि शेकलं की परत ताठ होतं (पूर्वी घोरपडीचं असायचं, पण घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आता बकऱ्याचं वापरतात). तेच कातडं कमावलं की त्याचं चामडं होतं. बाभळीची साल, हिरडा अशा झाडांच्या टॅनिनने कमावलं तर व्हेज टॅन, क्रोमियमच्या क्षारांनी कमावलं तर क्रोम टॅन. क्रोम मऊ, रंगीबेरंगी, पाण्याला टिकणारं, पर्सला सोफ्याला छान, पण हाताने कड घोटायचीय किंवा ठसे उठवायचेत तर व्हेज टॅनच पाहिजे.

दुकानात ओळखायचं कसं, तर कापलेली बाजू बघा, आत निळसर राखाडी पट्टा दिसला तर क्रोम. बिनरंगी व्हेज टॅनवर पाण्याचा थेंब टाकला की तो आत शोषला जाऊन डाग गडद होतो, आणि ओल्या जागी नख दाबलं तर खूण राहते. जाडी मिलिमीटरमध्ये विचारा, कुणी औंसात बोलला तर १ औंस म्हणजे साधारण ०.४ मिमी. पट्ट्याला ३.५ ते ४ मिमी, किल्लीच्या पट्टीला २ ते २.५, पाकिटाला १ ते १.५. पाकिटाला जाड चामडं घेऊ नका, चार थर एकावर एक आले की वीट होते.

गोव्यात यासाठी धड बाजार नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बाकी सगळं मिळेल, हे नाही. मी चोर्ला घाटाने बेळगावला किंवा आंबोलीमार्गे कोल्हापूरला कामानिमित्त गेलो की चपलांच्या कारागिरांकडे उरलेले तुकडे विचारतो, मुंबईला जाणारं कुणी असेल तर धारावी. कोल्हापुरीचं चामडं झाडाच्या सालीनेच कमावलेलं असतं, फक्त ते ताठ आणि कोरडं असतं, त्यामुळे किल्लीची पट्टी, पट्टा याला उत्तम, पाकिटाला नाही. अख्खं चामडं चौरस फुटावर विकतात. शिकताना तुकडेच घ्या, पण पोटाकडचा भाग लांब कामाला नको, तो ताणला जातो, पट्टा कायम पाठीच्या कण्याच्या दिशेने कापायचा.

हत्यारांवर सुरवातीला पैसे उधळू नका. एक चांगली रापी (चांभाराचं चामडं कापायचं पातं) किंवा नवीन ब्लेडचा कटर, स्टीलची पट्टी, ४ मिमी अंतराच्या दातांची भोकं पाडायची छिन्नी, आरी (चांभाराचा टोचा), दोन बोथट सुया, ०.६ ते ०.८ मिमीचा मेणाचा पॉलिस्टर दोरा, रबरी किंवा लाकडी हातोडा. बस, कडेसाठी तेवढे सँडपेपर आणि बेव्हलर, म्हणजे कडेचे कोपरे तासायचं छोटं हत्यार. रापीला धार मात्र रोज. लाकडी फळीवर चामड्याचा तुकडा उलटा चिकटवून त्यावर हिरवी पॉलिश (धार लावायची मेणासारखी वडी) घासायची आणि त्यावर पातं मागे ओढायचं. बोथट पातं सरकतं आणि आपण जोर लावतो, बोट तिथेच कापलं जातं.

पहिली वस्तू कार्ड होल्डर करा. कार्ड ८५.६ बाय ५४ मिमी असतं, दोन्ही बाजूंना शिलाई जाणार म्हणून कप्प्याची रुंदी ९८ मिमीच्या आसपास ठेवा. वहीच्या पुठ्ठ्याचा नमुना कापून त्यात कार्ड घालून बघा, मगच चामड्याला हात लावा. चिकटवायला चांभाराचं सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला लागेनासं झालं की दाबायचं. घाई केली तर थर सुटतो आणि कडेला फट दिसते.

शिलाई दोन सुयांची, एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना एकेक सुई, प्रत्येक भोकातून दोन्ही जातात. मशीनची शिलाई एका जागी तुटली की उसवत जाते, ही नाही. दोरा शिलाईच्या लांबीच्या चौपट घ्या. भोकं कडेपासून ३ मिमीवर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रम बदलायचा नाही, उजवी सुई आधी तर शेवटपर्यंत उजवीच आधी, आणि दुसरी सुई जाताना पहिला दोरा त्याच बाजूला ओढून धरायचा. एका भोकात जरी उलटं झालं तरी बाकीच्या तिरक्या टाक्यांत तो टाका सरळ पडतो आणि ओळीत तो एकटाच डोळ्यात खुपतो. शेवटी दोन टाके मागे येऊन दोरा कापा, टोक लायटरने वितळवून दाबा.

आता कड. थर चिकटून शिलाई झाली की २२० च्या सँडपेपरने सगळे थर एका पातळीत आणा, फळीवर कागद गुंडाळून, नुसत्या बोटाने नाही. मग बेव्हलरने दोन्ही बाजूंचे कोपरे काढा, बारीक दोऱ्यासारखी साल निघते, ती सलग निघाली तर धार बरोबर आहे. परत ४०० आणि ६०० चा कागद. रंग द्यायचा असेल तर इथेच द्या, मेण लागल्यावर रंग धरत नाही.

घोटायला बाहेरून ट्रॅगाकँथची बाटली मागवायची गरज नाही, तो आपला कतीरा गोंदच आहे, आयुर्वेदिक सामानाच्या दुकानात मिळतो. चमचाभर खडे पेलाभर पाण्यात रात्रभर ठेवले की सकाळी फुगून जेली होते, ती फडक्याने गाळा, पातळ करा, फ्रीजमध्ये ठेवा, वास आला की फेकून द्या. बोटाने थोडासाच कडेवर लावायचा, वरच्या बाजूवर सांडला तर डाग राहतो. मग लाकडाच्या गुळगुळीत दांड्याने किंवा जीन्सच्या जुन्या कापडाने पुढे मागे, हलक्या हाताने आणि जलद. सुरवातीला कड चिकट लागते, मग आवाज बदलतो, कापड सरसर पळायला लागतं, बोटाला ऊब जाणवते आणि अचानक कड काचेसारखी चमकते. एवढ्यावर सोडू नका, वाळू द्या, ६०० चा कागद हलका फिरवा, परत गोंद परत घोटा. तीन वेळा तरी. शेवटी मधमाशीचं मेण घासून कापडाने गरम होईपर्यंत चोळा. क्रोम असेल तर हे सगळं सोडा आणि सरळ एज पेंटचे (कडेला द्यायच्या रंगाचे) पातळ थर द्या, प्रत्येक थर वाळल्यावर सँडपेपर मारून.

काळा रंग हवा असेल तर आपल्याकडे माडाचं विनेगर आहेच. साधे लोखंडी खिळे साबणाने धुऊन त्यात आठ-पंधरा दिवस टाकून ठेवा, झाकण सैल, गॅस होतो. भांड्यांची स्टीलची घासणी चालत नाही, ती गंजत नाही. गाळून व्हेज टॅनला लावलं की टॅनिन आणि लोह मिळून चामडं बघता बघता काळं पडतं. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घ्या आणि वाळल्यावर थोडं तेल द्या नाहीतर तडे जातील. ह्याच कारणाने ओलं चामडं लोखंडी पट्टीवर ठेवू नका, आणि विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर ते पाणी वापरू नका, निळसर काळे डाग येतात. ताज्या डागावर लिंबाचा रस चालतो.

आणि पाऊस. जून लागला की प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या चामड्यावर चार दिवसांत पांढरी बुरशी. सुती पिशवीत, भिंतीपासून लांब, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि खोबरेल चोपडू नका, ते आत खवट होतं. बुरशी आलीच तर वस्तू बाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, मग विनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून ओलसर फडकं फिरवा, सावलीत पंख्याखाली वाळवा. कड परत खरखरीत लागली तर मेणाचा एक हात आणि दोन मिनिटं जीन्सचं कापड, पहिल्यासारखी होते.