सासूबाईंसोबत मेक्सिकन मालिका कशी बघावी

सुरुवात ‘मारिया ला देल बारियो’पासूनच करा. १९९५ साली आलेली, तेलेविसा या मेक्सिकन टीव्ही कंपनीची, थालिया नायिका. आमच्याकडे अमळनेरला रात्री भाकरी-भरीत आटोपलं की एकच भाग लावतो. सासूबाईंना स्क्रीनवरच्या ओळी वाचता येत नाहीत, म्हणून प्रसंग संपला की थांबवून मी अहिराणीत सांगते. सगळे संवाद सांगत बसू नका, नाती तेवढी सांगा: मारिया कोण, लुइस फर्नांडो कोणाचा मुलगा. खलनायिका सोराया भडकली की सांगावंच लागत नाही; ती साकारणाऱ्या इताती कांतोरालचे डोळे पुरतात, काय जबरदस्त काम केलंय! ही मालिका आपल्याकडच्यांसारखी चालतच राहत नाही, संपते, हेही आधीच सांगून ठेवा. मारिया पोटचं बाळ अनोळखी बाईच्या हाती देते, त्या रात्री मात्र लगेच पुढचा भाग लावा.