अर्डबेग उगेडालमध्ये पाणी कधी आणि किती घालायचं

अर्डबेग उगेडाल ही स्कॉच व्हिस्की 54.2 टक्के अल्कोहोलची आहे, त्यामुळे ग्लासात ओतल्या ओतल्या नाक आत खुपसू नका, अल्कोहोल झणकन डोक्यात जातं आणि मग पुढची काही मिनिटं वासच कळत नाही. ग्लास हनुवटीशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळूच वास घ्या, आधी धूर आणि ते दवाखान्यासारखं औषधी काहीतरी येईल (स्कॉटलंडच्या आयला बेटाकडे बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या मातीच्या, धुरावर सुकवतात ना, त्या धुरातले फिनॉल नावाचे वासाचे घटक आहेत ते), आणि जरा थांबलात की मागून शेरीच्या (स्पॅनिश वाइनच्या) पिंपाचा मनुका-खजूरवाला गोडवा येतो, माझ्या मते खरी मजा तिथेच आहे!

पहिला घोट अगदी छोटा, नीट घ्या, लगेच गिळू नका, जिभेवर फिरवा. दुसऱ्या घोटाआधी साधं पाणी चमच्याने थेंब थेंब घाला, प्रत्येक वेळी परत वास घ्या, जळजळ कमी होऊन धूर मोकळा झाला की थांबा. पाणी घातल्यावर थोडी गढूळ झाली तर घाबरू नका, चिल फिल्टर केलेली, म्हणजे थंड करून गाळलेली, नसते म्हणून तसं होतं. बर्फ मात्र प्लीज नको, थंडीने वास पार दबतो.