स्ट्रोकनंतर रुग्ण किती सावरेल? रक्तातले बायोमार्कर कसे तपासावेत आणि कसे वाचावेत

सगळ्यात आधी वेळ लिहा. रुग्ण रुग्णालयात कधी आला ही नव्हे, तर तो शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता ती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं असो वा कॅथेटरने गुठळी काढली असो, पुढचा प्रत्येक आकडा या वेळेपासून मोजायचा.

याचं कारण एनएफएल (न्यूरोफिलामेंट लाइट), हा एक बायोमार्कर, म्हणजे रक्तात दिसणारी इजेची खूण. हे प्रथिन मेंदूतल्या चेतातंतूंना इजा झाली की हळूहळू रक्तात झिरपतं. पहिल्या काही तासांत ते जवळपास नेहमीइतकंच असतं, मग वाढत जाऊन साधारण तिसऱ्या आठवड्याच्या आसपास शिखर गाठतं. त्यामुळे दाखल होतानाचं कमी एनएफएल पाहून ‘नुकसान थोडं आहे’ असं म्हणणं साफ चुकीचं. जीएफएपी आणि एस-१००-बी ही मेंदूतल्या आधारपेशींची प्रथिनं लवकर, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी शिखरावर असतात. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर जीएफएपी काही तासांतच उसळतं. म्हणून नमुने दाखल होताना, २४ तासांनी, ७२ तासांनी आणि ७व्या दिवशी घ्या. मात्र पहिल्या नमुन्यासाठी उपचार एक मिनिटही थांबवू नका. इंजेक्शनआधी रक्तातली साखर तेवढी पाहावीच लागते.

सलाइन चालू नसलेल्या हातातून ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन असलेल्या) नळीत रक्त घ्या, नळी ८-१० वेळा हळुवार उलटसुलट करा, जोरात हलवू नका. तासाभरात सेंट्रिफ्यूजमध्ये २००० जी वर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) १० मिनिटं फिरवा. इथे गल्लत होते ती जी आणि फेऱ्यांत: रोटरची (नळ्या बसवलेल्या फिरत्या भागाची) त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर २००० जी म्हणजे मिनिटाला सुमारे ४२०० फेरे, दुसऱ्या रोटरला आकडा वेगळा. वरचा प्लाझ्मा (रक्ताचा पिवळसर द्रव भाग) काढताना पांढऱ्या पेशींच्या थरापासून थोडं वरच थांबा. अर्ध्या मिलिलिटरचे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा, म्हणजे एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवावी लागत नाही. प्लाझ्मा लालसर दिसला तर त्यावर एनएसई (चेतापेशींमधल्या एका विकराची चाचणी) करूच नका. ते तांबड्या पेशींतही असतं, आकडा फुगतो.

महागडी यंत्रणा नसेल तर साध्या सीबीसीतून (रक्तपेशींच्या मोजणीतून) न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट, म्हणजे दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं, गुणोत्तर काढा. न्यूट्रोफिल ९०००, लिम्फोसाइट १५०० असतील तर ते ६. ते चढं राहणं चांगलं लक्षण नाही, पण न्यूमोनिया किंवा स्टिरॉइडनेही ते चढतं, तेव्हा औषधांचा तक्ता आधी बघा.

एनएफएल वयाबरोबर वाढतं. मूत्रपिंड अधू असेल किंवा मधुमेहाने पायांच्या नसा गेल्या असतील तरीही वाढलेलं दिसतं, स्थूल माणसात मात्र कमी. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि एचबीए१सी (मधुमेहासाठी) सोबत हवंच. दोन वेगळ्या यंत्रांवरचे आकडे शेजारी ठेवू नका, आणि सर्वमान्य सीमारेषा अजून ठरलेली नाही.

तीन महिन्यांनंतरच्या स्थितीचा अंदाज बांधताना वय, २४ तासांचा एनआयएचएसएस (तपासणीतून स्ट्रोकची तीव्रता मोजणारे गुण), रक्तवाहिनी कितपत मोकळी झाली आणि स्कॅनवरचं नुकसान यांनाच अग्रक्रम द्या. व्हेंटिलेटरवर, भुलीच्या औषधाखाली असलेल्या रुग्णाचा एनआयएचएसएस भरवशाचा नसतो. रक्ताचा आकडा खरा कामी येतो तो तिथे. केवळ त्या आकड्यावरून उपचारांत हात आखडता घेऊ नका. अहवालात आकड्यासोबत तास, यंत्राचं नाव आणि क्रिएटिनिन एकाच ओळीत लिहा.