सामाजिक आशयाची कला पाहायला शिकताना

कलाशिक्षण घेणाऱ्यांत लवकरच दोन तट पडतात. एकांना युद्ध, स्थलांतर, विषमता असा विषय दिसला की काम आपोआप थोर वाटतं. दुसरे 'हे तर पेपरात वाचलंय' म्हणत पुढे सरकतात. मला दुसऱ्यांचं बऱ्याचदा पटतं. विषय गंभीर म्हणून काम सखोल ठरत नाही आणि प्रदर्शनांत उसनं गांभीर्य भरपूर असतं.

शेजारच्या पाटीवरची टीप आधी वाचू नका. निवांत बघा, मग वाचा. टिपेत आहे तेवढंच कामात असेल, तर तो घोषणाफलक समजा.

सुरुवातीला फ्रेड विल्सन या अमेरिकन कलाकाराचं 'मायनिंग द म्युझियम' हे प्रदर्शन अभ्यासा. 1992 साली बाल्टिमोरच्या मेरिलँड हिस्टॉरिकल सोसायटीत त्याने मुख्यतः संस्थेच्याच संग्रहातल्या वस्तू नव्याने मांडल्या. एका काचपेटीत नक्षीदार चांदीची भांडी आणि त्यांच्यातच गुलामांना घालायच्या लोखंडी बेड्या. पाटीवर एवढंच: 'धातुकाम, 1793–1880'. गुलामगिरीचा निषेध वगैरे काही नाही. पण ही श्रीमंती कुणाच्या जिवावर उभी राहिली, हे विचारावंच लागतं. शिवाय दोन्ही वस्तू एकाच संस्थेच्या असताना एरवी शेजारी का दिसत नाहीत? हा प्रश्न संग्रहालयाला आहे, आणि चांदी बघायला आलेल्या आपल्यालाही.

हान्स हाके या जर्मन कलाकाराचं एक काम दिसायला चक्क कंटाळवाणं: न्यूयॉर्कमधल्या इमारतींचे फोटो आणि खाली सरकारी दप्तरातल्या मालकीच्या नोंदी. तिथल्याच गुगेनहाइम संग्रहालयाने त्याचं प्रदर्शन 1971 साली रद्द केलं, त्यात हे काम होतं. भाडेकरूंचे दीनवाणे चेहरे त्यात नाहीत. एकाच गटाची मालमत्ता कितीतरी कंपन्यांच्या नावांआड कशी विखुरते, हे नोंद वाचत गेलं की उलगडतं. त्या रुक्षपणातच त्याची ताकद आहे, असं माझं मत.

बँक्सी या नाव लपवणाऱ्या ब्रिटिश चित्रकाराचं, लिलावात विकलं जाताच चौकटीत लपवलेल्या यंत्राने अर्धं फाटलेलं चित्र उलट टोकाचं. 2018 साली फाटलं, 2021 साली सुमारे 1 कोटी 85 लाख पौंडांना विकलं गेलं. कलाबाजारावरची टीका बाजारानेच गिळली, असं सगळे म्हणतात. किमतीचं सोडाच. किस्सा फोनवर सांगितला तरी त्यातलं जवळपास सगळं कळतं, ही खरी अडचण. (किस्सा झकास आहे, यात वाद नाही.)

सरावासाठी आवडलेल्या एका कामावर पानभर लिहा, पण 'शोषण', 'व्यवस्था', 'प्रतिकार', 'अस्मिता' हे शब्द न वापरता. मग वस्तू कुठे ठेवलीय, किती उंचीवर, कशाशेजारी, यावरच लिहावं लागतं. शिक्षकांसमोर स्वतःचं काम मांडायच्या आदल्या रात्री हेच पान स्वतःच्या कामावरही लिहून बघा.