गंजलेली बिजागरी बदलताना

खाऱ्या हवेत, रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर, दाराची लोखंडी बिजागरी लवकर गंजते. दुकानात सल्ला विचारायला जाताना जुनी बिजागरी आणि एक स्क्रू सोबत न्याच; नुसत्या वर्णनावर माप चुकतं. घर समुद्रालगत असेल तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस मागा. त्यातल्या मॉलिब्डेनम या धातूमुळे ते मिठापुढे नेहमीच्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसपेक्षा जास्त टिकतं. स्क्रूही स्टेनलेसचेच घ्या, कारण लोखंडी स्क्रू स्टेनलेसला चिकटून अधिकच झपाट्याने गंजतात.

दाराखाली पाचर ठोकून एका वेळी एकच बिजागरी काढा. भोक सैल झालं असेल तर बांबूच्या काड्या गोंदात बुडवून ठोका, २४ तास वाळू द्या, मगच स्क्रू पिळा.

पावसात फुगलेल्या दाराला मात्र रंधा मारू नका. उन्हाळ्यात फट पडते.