जोखीम घ्या, पण आधी हात धुवा

सत्तावीस वर्षं मी वॉर्डात नर्स होते. आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी साक्ष देताना म्हणालं, "देवावर भरवसा ठेवून डोळे मिटून उडी मारली," की सगळे हालेलुया म्हणतात. माझ्या मनात मात्र येतं, उडी मारलीत तेव्हा खाली कोण उभं होतं?

प्रेम आणि विश्वास माणसाला जोखीम घ्यायला लावतात, हे मी जवळून पाहिलंय. ती कशी घ्यायची ते मात्र कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

पहिल्यांदा कागदावर एक नाव लिहा. 'गरजूंसाठी', 'प्रभूच्या कार्यासाठी' असं लिहून चालणार नाही. हाडामांसाच्या माणसाचं नाव हवं. ते सुचत नसेल, तर आपल्याला कुणाला मदत करायची आहे की चारचौघांत शूर दिसायचं आहे, हे स्वतःला विचारा. बायबलमध्ये, मार्कच्या शुभवर्तमानात, चौघांनी छप्पर उघडून आपल्या पक्षाघाती माणसाला बाजेसकट खाली येशूपुढे सोडलं. चौघांचं लक्ष त्या एका बाजेवर होतं. (ते छप्पर दुसऱ्याचं होतं, हे मला अजून खटकतं. नंतर शाकारलं कुणी?)

म्हणून नावाखाली तीन ओळी लिहा. वाईटात वाईट काय होईल? त्याची झळ कुणाला बसेल? त्या माणसाला आपण विचारलंय का? बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असं लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात खुद्द येशूच सांगतो. तो 'बसून' शब्द मला फार आवडतो.

तिसरी ओळ मी एकदा गाळली. ओळखीतल्या एका बाईच्या कर्जाला जामीन राहिले. रात्रभर प्रार्थना केली, सकाळी सही केली. तिचे हप्ते थकले आणि पत्र आमच्या दारात आलं. आमच्या ह्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि एवढंच म्हणाले, "मला सांगितलं असतंस, तर मीही प्रार्थना केली असती." पैसे दोन वर्षांत फिटले. ते वाक्य अजून फिटलेलं नाही.

आता हात धुण्याचं. फादर डेमियन 1873 मध्ये हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेले. आलटून पालटून जाणाऱ्या धर्मगुरूंपैकी ते एक होते. पण गेले ते परतलेच नाहीत. जखमा धुतल्या, घरं बांधली, शवपेट्याही स्वतः ठोकल्या, रोग्यांबरोबर एकाच भांड्यातून जेवले. 1889 मध्ये त्याच रोगाने गेले, वयाच्या 49व्या वर्षी. डॉक्टर हॅन्सनना या रोगाचा जंतू दिसला तोही 1873 मध्येच, पण दूर नॉर्वेत. औषध तर कुणाकडेच नव्हतं. त्यांच्यापुढे मी मान झुकवते.

पण मी नर्स आहे, माझा जीव मदर मरियान कोप या ननवर. त्या 1883 मध्ये हवाईला आल्या, 1888 मध्ये त्याच वसाहतीत गेल्या आणि 1918 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत तिथेच राहिल्या. हात धुण्याची शिस्त त्यांनी कडक ठेवली. त्यांच्या एकाही सिस्टरला कुष्ठरोग झाला नाही. कॅथलिक चर्चने दोघांनाही संत मानलं. तेव्हा ग्लव्हज घातले, मास्क लावला, कागदपत्रं वकिलाला दाखवली, तर विश्वास कमी पडला असं कुणी म्हटलं तरी मनावर घेऊ नका.

भीती वाटली तर प्रार्थनेत तसं सरळ सांगा. "पूर्ण प्रीती भीती घालवून देते" हे वचन लोक भित्र्या माणसाच्या तोंडावर मारतात. पण बायबलमधल्या दिमिष्कातल्या (दमास्कसमधल्या) हनन्याला प्रभूने ख्रिस्ताच्या लोकांचा छळ करणाऱ्या शौलाकडे जायला सांगितलं, तेव्हा तो आधी कुरकुरलाच: या माणसाने तुझ्या लोकांचं किती वाईट केलंय, हे मी ऐकलंय. तरी गेला. आत जाऊन त्याच्यावर हात ठेवले आणि हाक मारली, "शौल भाऊ." ती हाक मारताना त्याचा आवाज नक्की कापला असणार.

शेवटी मुदत ठरवा. 'कायमचं' असं कुणालाही पहिल्या दिवशी कबूल करू नका.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी वॉर्डातली एक टीबीची पेशंट बरी होत आली होती. तिला न्यायला मात्र कुणी येईना. मी घरी कागद घेऊन बसले. वर तिचं नाव, खाली तीन ओळी. आता तिच्यापासून कुणाला लागण होणार नाही ना, हे डॉक्टरांना विचारून घेतलं, गोळ्यांचा तक्ता लिहिला, खिडकीची खोली ठरवली, मुदत सहा आठवडे. मग कागद ह्यांच्यापुढे सरकवला. या वेळीही त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला.

"तिला पंख्याखाली झोप लागते का?" त्यांनी विचारलं. "त्या खोलीतला पंखा आवाज करतो."